राजधानीबाहेरचं जंगल

मु. बपेरा, ता. तुमसर

चि. प्रफुल्ल यास,

वच्छलाताईचा आशीर्वाद. तुझी शुगर, तुझ्या बायकोचे, हर्षाचे गुडघे आणि तुमच्या नळाचं पाणी, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा. इकडे धानाची रोवणी आटोपली. माझी कंबर सोडून सारं ठीक.

रविवारी नागपुरात तुझ्या ‘जुनी राजधानी’ फेरीत मी काय केलं, ते तू हर्षाला अर्धंच सांगितलंस म्हणे. पुरं मी लिहिते. माफी मागायला लिहीत नाही, हे आधी वाच.

झिरो माईलजवळ छत्री उंचावून तू तीस लोकांना सांगत होतास, की अठराशे एकसष्टात इंग्रजांनी मध्य प्रांताची राजधानी इथं केली तेव्हा पूर्वेला, म्हणजे आपल्याकडे, नुसतं जंगल होतं. ऐकून घेतलं. (पहाटेची एसटी धरून आलेली बाई भांडायला येत नाही.) मग कुणीतरी विचारलं, ह्या कोण? तर म्हणालास, “गावाकडच्या ओळखीच्या बाई आहेत.” ज्या बहिणीनं तुला कडेवर घेऊन बाजार दाखवला, तिला!

“त्या जंगलात अस्वलं धान लावत होती काय रे? राजधानीले तांदूळ कोण पुरवत होता?”

“ताई, नंतर बोलू.”

“नंतर कायले? आत्ताच बोलून राहिली ना मी.”

(‘ताई’ तीसच्या तीस जणांनी ऐकलं.)

तशीच तरातरा स्टँडकडे निघाले. बरीच पुढे जाऊन वळून पाहते तर पंधरा जण मागे. त्यांना वाटलं, पुढचं ठिकाण मी दाखवणार. वाट चुकलेय म्हणायला जीभ रेटेना, म्हणून एका झाडाखाली थांबून आईचं सांगितलं. तिचं माहेर नदीपलीकडे, बालाघाटकडचं. छप्पन साली राज्यं बदलली, नागपूरची राजधानी गेली आणि आईचं माहेर परराज्यात पडलं. बैलांची बंडी तीच, वाट तीच. तिला कुणी विचारलं नव्हतं. निर्मलाबाई नावाच्या एकींनी मला स्टँडवर पोचवलं आणि विचारलं, “तुमची फेरी कधी असते?” मी बेधडक म्हटलं, “येत्या रविवारी, आमच्या बपेऱ्याले.”

तुझी मोठी बहीण,
वच्छला

ता. क. निर्मलाबाईंचा फोन आला. खरंच गाडी ठरली, तीस जण येताहेत. जेवणाचं जमेल. इतिहास मात्र मला आईच्या माहेरापुरताच येतो. तुझी टिपणांची वही गुरुवारपर्यंत पाठव.

आणखी एक. वही नको, तुझं अक्षर मला लागत नाही. तूच शनिवारी ये. तू माझ्या कानात सांगायचं. लोकांशी मी बोलेन.