पाय मोडायचं बटण

३ मार्च, सोमवार
बाबांनी बटण मोडलं! तेही पाय मोडायचं — ज्यानं जोडाक्षरं होतात ते. जन्मभर कचेरीत टाइपरायटर बडवलेला माणूस, लॅपटॉपवरही बुक्क्याच घालतो. आता 'तुझ्या'चं 'तुझया' होतंय. आणि नेमकं आत्ताच! दोन वर्षांनी ताईला मेल लिहायला बसले होते. तिनं डॉक्टरकी अर्ध्यात सोडून सुतारकाम धरलं, तेव्हा म्हणाले होते, "मला एकच मुलगी आहे." म्हणजे मी. मला नको होता तो मान.

मसुदा चोरून पाहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून...' — देवा! मुलीला लिहितायत की खात्याला?

"दुसरा कीबोर्ड जोडू का?"

"नको. हाच नीट कर. जोडाक्षरांशिवाय काय लिहू, कपाळ?"

निमित्त मिळालंय त्यांना. दुसरं काही नाही.

४ मार्च
उघडलं! बटणाची टोपी नखानं उचलली आणि खाली काय गंमत! प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या चौकटी, कात्रीसारख्या एकमेकींत अडकलेल्या. म्हणून कोपऱ्यावर दाबलं तरी बटण तिरकं न होता सरळ खाली जातं. मधोमध रबराची पालथी वाटी. दाबली की बसते, सोडली की टुणकन वर! बोटाला जाणवतं ते 'टक' हिचंच. मला वाटायचं अक्षरही तिथंच उमटतं. छे!

वाटीखाली पातळ प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे. वरच्यावर आणि खालच्यावर वीज वाहणाऱ्या रेघा, मधल्याला नुसती भोकं. वाटी बसली की वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकतो — झालं, उमटलं अक्षर! नुसतं टेकायचं. बुक्की लागतच नाही!

बाबांना ओढत आणून दाखवलं. "एवढ्यानं होतं?" म्हणाले. मग बराच वेळ ती वाटी हळूच दाबत बसले.

५ मार्च
सापडलं! कात्रीचा एक पाय मोडलाय. पाय मोडायच्या बटणाचाच पाय! हसून हसून पुरेवाट झाली.

बाबांना सांगितलं, "तोवर नुसती वाटी दाबा, चालतंय." चेहराच पडला त्यांचा. निमित्त गेलं ना! संध्याकाळभर दार लावून बसले. टकटक फारशी ऐकू आली नाही. मला वाईट वाटलं.

६ मार्च
नुक्त्याचं बटण, अक्षराखाली टिंब देणारं! मराठीत कोण वापरतं ते? त्याची कात्री काढली, इकडे बसवली — खट्! बसली! 'क्क', 'त्त', 'म्म' — पानभर जोडाक्षरं काढली. नाचायचंच बाकी राहिलं.

बाबा नुसतं "छान" म्हणाले. मेलचं नावही नाही. राग आला.

७ मार्च
ताई दारात! केसांत लाकडाचा भुसा. फोन माझ्यापुढे धरला. बाबांचा परवाचा मेल:

'चुकलं माझं. घरी ये. बाबा.'

एकदाही पाय मोडलेला नाही!

"काय बिघडलंय गं त्यांचं?" ताई हसत होती, रडत होती.

"बटण," मी म्हटलं.