गुळाचा खडा

रविवार, १२ जानेवारी. सुरत.

सोनगीरहून बायकोचा फोन आला. जंताच्या दुसऱ्या गोळीला दोन आठवडे झाले, पिंकीला खाज नाही, रात्रभर झोपते. सुटलो बुवा!

तीनदा औषध दिलं तरी लेकीचे जंत परत यायचे. मी इथून ओरडायचो, "तिला गूळ देऊ नका!" सहा महिने लेकरू गुळाच्या खड्याकडे नुसतं पाहत राहिलं. मला कोणी सांगितलं होतं, गुळानेच होतं म्हणून? कोणीच नाही.

मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरने विचारलं, "गोळी कोण कोण घेतं?" म्हटलं, पोरगी. ती हसायलाच लागली.

"भाऊ, बठ्ठासनी लेवानी, एकच दिवशी. पंधरा दिवसांनी परत. नखं कापा, अंथरूण धुवा. गुळना काय गुन्हा शे?" म्हणजे घरातल्या सगळ्यांनीच घ्यायची, नाहीतर जंत एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात.

आई चिडली, "माले कोठे जंत शेतस!" मग मीच आधी गिळली, तेव्हा तिने घेतली. दुसरी गोळी मी इथे घेतली, त्याच दिवशी, घरचा फोन चालू ठेवून.

आज पिंकीने विचारलं, "पप्पा, गूळ खाऊ?"

"खा. पण आधी हात धू."

"धुतले," म्हणाली. पण शब्द नीट फुटत नव्हता. खडा आधीच तोंडात होता.