मॅडम जेवढं बोलल्या तेवढं

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता गावाकडं पिशोरलाही तुम्हाला ओळखणारं कुणी उरलं नसेल. तरी लिहितोय. घरात हे काढलं की मुलगा म्हणतो, "आबा, लोकांचं कशाला डोक्यात घेता? बीपी वाढवून घ्याल." बीपी वाढलेलंच आहे. सकाळची गोळी घेतली की राहिली तेही आता आठवत नाही, आणि पुन्हा घ्यायची भीती वाटते.

आमच्या अपार्टमेंटच्या वॉचमनची गोष्ट आहे. नेपाळहून आलेला माणूस. जिन्याखालच्या खोलीत तो, बायको आणि मुलगी राहतात. बायको चार घरची धुणीभांडी करते. नवराबायको हिंदीवर भागवतात, पण मुलगी इथंच वाढली, तिचं मराठी माझ्या नातीपेक्षा चांगलं. खोलीला लागूनच पाण्याची मोटार आहे, ती सुरू झाली की भिंत थरथरते. पोर त्या आवाजात बसून दहावीचा अभ्यास करायची. मी खाली फिरायला गेलो की म्हणायची, "आबा, मोटार बंद झाली की मला उलट झोप येते." माझी नातही दहावीलाच. तिला वेगळी खोली, एसी, दोन क्लास, आणि गणितात कमी पडले की माझा मुलगा तिला पिझ्झा मागवून देतो, ताण येऊ नये म्हणून.

निकाल लागला तेव्हा वॉचमनची मुलगी तिच्या शाळेत पहिली आली. तिच्या वर्गाच्या मॅडमनी आईवडिलांना बोलावलं. पोर माझ्याकडं आली, "आबा, तुम्ही पण चला ना. बाबा शाळेत गेले की नुसते उभे राहतात. तुम्ही बसलात तर तेही बसतील." मी गेलो. तिघं एका बाकावर दाटीनं बसलो, पोर मॅडमच्या टेबलाशी उभी. मॅडम बराच वेळ बोलल्या. अशी मुलगी मला खूप वर्षांत मिळाली नाही, हिला सायन्सलाच टाका, क्लासवाल्यांशी मी स्वतः बोलते, फीचं बघू, पण हिला घरी बसवू नका. मग म्हणाल्या, "सांग बाळ, आईबाबांना नीट समजावून सांग."

पोरीनं त्यांच्या भाषेत सांगितलं, "पास भएँ, राम्रो छ." बस्स. नेपाळी मला येत नाही गुरुजी, पास झाले, छान आहे, एवढंच कळलं; पण एवढं लांबलचक बोलणं तीन-चार शब्दांत कसं मावेल? आईनं हात जोडले. वडिलांनी मान हलवली. मॅडमना वाटलं, झालं काम.

रस्त्यात मी तिला मागं ओढलं. "एवढंच सांगितलंस?"

"मग काय सांगू? शिष्यवृत्तीचे कागद आमच्याकडं नाहीत. आईची कंबर गेलीय. उगीच त्यांना झोप नाही लागणार." आणि हसून म्हणाली, "तुम्ही पण घेऊ नका टेन्शन. घाम आलाय बघा तुम्हाला."

मला तेव्हा तुम्ही दिसलात. सातवी संपत आल्यावर तुम्ही सायकल रेटत आमच्या घरी आला होता. वडील म्हशीखाली बसलेले आहेत, तुम्ही उभ्यानंच सांगताय, पोराला तालुक्याला, कन्नडला ठेवा, माझ्या बहिणीकडं राहील, आणि वडील धार न सोडता म्हणताहेत, "व्हय गुरुजी, बघू की." मी दाराआड आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला वर्गाबाहेर घेऊन रागावलात, "मी एवढं बोलतोय तर तू का गप्प? तोंड नाय का तुला?" नव्हतं गुरुजी. पुढच्याच महिन्यात मी शहरात, गुलमंडीच्या बाजारात, कापडाच्या दुकानात थान उलगडत होतो, आणि म्हातारा होईपर्यंत तेच करत राहिलो.

म्हणून ठरवलं, या खेपेला बोलायचं. दोन दिवस टाळत राहिलो, लोकांच्या घरात आपण का शिरायचं म्हणून. मग दुपारी गेटवर गेलो. वॉचमन खुर्चीत बसून सफरचंद कापत होता. मी माझ्या मोडक्या हिंदीत सुरू केलं, "देखो भाई, मॅडम जो बोली ना, वो तुम्हारी बच्ची ने पूरा नहीं बोला…"

त्यानं सुरी खाली ठेवली. म्हणाला, "बाबा, मला मराठी समजते."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा मराठी ऐकलं. भाजीवाल्यांकडून उचललेलं, पण स्वच्छ.

"सगळं?"

"सगळं. कुणाला सांगत नाही. सांगितलं की सोसायटीवाले जास्त बोलतात." जरासा हसला. मग हसू गेलं. "मॅडम बोलत होत्या तेव्हा मी खाली बघत होतो. पोरीनं पास म्हटलं, मी पास ऐकलं. आता मी म्हटलं की मला कळलं होतं, तर मला तिच्या तोंडावर नाही म्हणावं लागेल. ते मला जमणार नाही, बाबा."

त्यानं सफरचंदाची फोड माझ्यापुढं धरली. मी घेतली. तुमच्यासारखी मला कन्नडला बहीणही नव्हती सांगायला. मुलाला तिच्या फीचं विचारून बघितलं, तर तो म्हणाला, "आपल्या पोरीचंच बघता बघता नाकी नऊ येतात." तेही खोटं नाही.

आता वॉचमनची पोर तिसऱ्या मजल्यावर एका बाळाला सांभाळते. अकरावी आर्ट्सचा फॉर्म भरलाय म्हणे, कॉलेजला जाते असं काही दिसत नाही. माझ्या नातीला सायन्स मिळालं, डोनेशनवर. सकाळी ती बॅग घेऊन लिफ्टनं उतरते आणि त्याच लिफ्टनं ही वर जाते. दोघी एकमेकींना "हाय" म्हणतात. मी खाली फिरताना बघतो आणि वर येतो. मॅडम वाट बघत असतील, की त्यांनाही एव्हाना सवय झाली असेल, मला माहीत नाही. वर्षानुवर्षं अशी किती घरं तुम्ही सायकलवरून पालथी घातलीत, आणि किती ठिकाणी तुम्हाला "बघू की" ऐकावं लागलं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकतो. वॉचमन जेव्हा म्हणाला की त्याला सगळं समजलं होतं, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. पहिल्यांदा मला हायसं वाटलं, गुरुजी, की आता मला काही बोलावं लागणार नाही.