एकाच कुळातले

आबा, आज बारावीच्या वर्गात फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे काळवीट, दुसरीकडे माळढोक, म्हणजे तुमचा हूम. काळवीट सस्तन, गाईम्हशींच्या कुळातलं. देशात बऱ्याच माळांवर कळपांनी आहे, सध्या चिंता नाही. हूम पक्षी, त्याचं कुळच वेगळं. राजस्थानाकडे थोडे उरलेत, नामशेष व्हायच्या बेतात. त्याच्या रकान्यात आपल्या माळाचं नाव लिहायला खडू उचलला आणि तसाच खाली ठेवला.

सातवीत गुरुजींनी एका कुळातले दोन प्राणी लिहून आणायला सांगितले होते. तुम्ही नगरकडच्या कर्जतच्या माळावर वनमजूर, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? भाकरी मोडता मोडता म्हणालात, "लिव, हूम आन् काळवीट. एका माळावरचे, एकाच कुळातले." मी तस्सं लिहिलं. गुरुजींनी ते वर्गात मोठ्यांदा वाचलं आणि पोरं खो खो हसली. घरी येऊन मी दप्तर आपटलं आणि आई, चुलते, सगळ्यांसमोर म्हणाले, "गवत राखणाऱ्याला कुळ काय कळतंय!" तुमचा घास हातातच राहिला. "चुकलं बाई माझं," एवढंच म्हणालात. त्याआधीच्याच पावसाळ्यात तुम्ही मला चपला काढायला लावून लांबून हूमचं अंडं दाखवलं होतं. उघड्या जमिनीवर, एकच. आमाला तू हाय तसं, म्हणाला होतात. त्या दिवसानंतर मला माळावर कधी नेलं नाहीत. मीही म्हटलं नाही, न्या.

आज एका मुलीनं विचारलं, मॅडम, दोघं एकाच माळावरचे ना, मग एक राहिलं आणि दुसरं गेलं, असं कसं? नांगरलेले माळ, विजेच्या तारा, वर्षाला एकच अंडं, सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं, म्हणून फळ्याकडे तोंड केलं.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होतील. माळावरचं काम सुटून बरीच वर्षं झाली होती; शेवटच्या दुखण्यात, नगरच्या दवाखान्यात, तुम्हीच विषय काढलात, जरा बिचकतच. "तू शिकलीस, तुला म्हाईत असंल. हूम हाय का गं अजून माळावर?" मी कितीतरी वर्षांत तिकडे फिरकलेही नव्हते. "आहे ना, आबा," म्हणाले. तुम्ही डोळे मिटून हसलात.

हा कागद वहीतच ठेवते, पाठवणार तरी कुठे? खोटं मी किती चटकन बोलले. 'चुकलं माझं' एवढं मात्र तेव्हाही म्हणाले नाही.