सव्वीस सह्या

सातारा,
रविवार, ७ जानेवारी १९९६

प्रिय कपिलदादा,
सप्रेम जयभीम.

मी इथे खुशाल आहे. रंगूआत्याही खुशाल आहे, तिचे गुडघे सोडून. तुझ्या पोस्टिंगवर गुडघाभर बर्फ पडतो असं बापू गावभर सांगत फिरतात, आणि तू मात्र थंडीबद्दल एक ओळ लिहीत नाहीस. सोसवत नसेल तर तसं लिही. बापूंना पत्र वाचून दाखवताना ती ओळ मी गाळीन.

तुझी मनीऑर्डर वेळेत मिळाली. ट्रेनिंगच्या सत्राची नोंदणी झाली, पावती पेटीत ठेवली आहे. फी भरायला बापू स्वतः सांगलीला आले होते. खिडकीपुढे रांगेत उभे असताना म्हणाले, "कंपनीत काम तू करणार, मग पैसं कालेजला कशाचं?" मी समजावलं की आमचा डिप्लोमा सँडविच पद्धतीचा आहे, मधली दोन सत्रं कारखान्यात काढायची, पण तीही शिक्षणातच धरतात, म्हणून नाव नोंदवायचं आणि फीही भरायची. बापूंनी जरा विचार केला आणि मोठ्यानं म्हणाले, "म्हंजे राबायचं बी आपुन आन पैसं बी आपुनच भरायचं! आमच्या साखर कारखान्याला हे कळू देऊ नगंस, न्हायतर उद्या आमच्याकडनं बी फी घेत्याल." अख्खी रांग हसली. खिडकीतला क्लार्कसुद्धा.

परतताना स्टँडवर मात्र ते हसत नव्हते. म्हणाले, "येक बी सत्र वाया गेलं तर पाटणच्या पावन्यांस्नी व्हय म्हणून टाकणार." पाहुण्यांचं तुला माहीत आहेच. मुलगा चांगला आहे म्हणतात. असेल.

मुली घ्यायला तयार असलेल्या कंपन्या दोनच होत्या. मार्कांप्रमाणे माझं नाव आधी पुकारलं, आणि आत्याचं घर इथं म्हणून मी साताऱ्याची घेतली. आमच्या वर्गातली तीन मुलंही इथेच आहेत. काम छान चाललं आहे. लेथ हे सर्व यंत्रांचं मूळ आहे. त्यावर फेसिंग, टर्निंग, थ्रेडिंग अशा अनेक क्रिया करता येतात. जॉब चकमध्ये घट्ट धरणं महत्त्वाचं असतं. आमचे सुपरवायझर लालासाहेब मायाळू आहेत, त्यांना तीन मुलीच आहेत. आठवड्यात काय काम केलं ते ट्रेनिंगच्या डायरीत लिहायचं आणि खाली त्यांची सही घ्यायची. सव्वीस आठवडे, सव्वीस सह्या, की झालं सत्र. माझी डायरी चौघांत सगळ्यांत नीटनेटकी आहे.

मध्ये थोडी आजारी होते. ताप होता. आता बरी आहे. बापूंना कळवू नकोस.

तुझ्या पलटणीच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना "माझी बहीण लेथ चालवते" म्हणून पेढे वाटलेस हे वाचलं. इतकं सांगत सुटू नको. दृष्ट-बिष्ट आपण मानत नाही, तरी नको.

तुझी,
क्रांती


सातारा,
रविवार, ११ फेब्रुवारी १९९६

प्रिय दादा,
जयभीम.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. इतके दिवस मी कधी लावत नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. तू विचारलंस, "लेथचं मूळ-बिळ पुस्तकात असतं. तू मला एवढंच सांग, कामावरून आल्यावर हाताचा वास जातो का? आमचा साबणानं जात नाही." मी आधी लिहिलं, जात नाही. ते फाडलं. मग लिहिलं, जातो. तेही फाडलं. आज हे पत्र लिहिताना चारदा उठले. आत्या म्हणते, "तुजं बूड कसं टेकत न्हाई गं?"

दादा, माझ्या हातांना कसलाच वास नाही. एक जानेवारीपासून मी कंपनीत गेलेले नाही. आधीचं पत्र तुला लिहिलं तेव्हाही जात नव्हते.

आत्याला हे ठाऊक नाही. रोज सकाळी साडेसातला डबा घेऊन निघते आणि संध्याकाळी सहाला परत येते. मधले तास कुठेतरी घालवावे लागतात. आधी वाचनालयात जाते, तिथे लेथचं एक जाड पुस्तक आहे, त्यातून डायरी भरते. मग चार भिंतींच्या टेकडीवर चढते, उतरते. पोवई नाक्यावरून दोन-दोन फेऱ्या मारते. डबा स्टँडवर खाते, कारण तिथे एकटं बसलेलं कुणाला खटकत नाही. एकदा आत्याच्या शेजारीणबाई समोरून आल्या, तर मी उगाच कराडच्या गाडीत चढले आणि पुढच्या थांब्यावर उतरले. असे सहा आठवडे. चालून चालून चपलेचा अंगठा तुटला आहे. लेथपुढे उभी राहून इतकी दमले नसते.

का जात नाही, ते भावाला लिहायची लाज वाटते. पण तुला नाही तर कुणाला लिहू? लेथच्या शॉपमध्ये बायकांसाठी संडास नाही. ऑफिसच्या इमारतीत आहे, त्याला कुलूप असतं. दोनदा किल्ली मागायला गेले. दुसऱ्यांदा तिथला माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, शॉपच्या लोकांनी इकडे येऊ नये, फरशीवर तेलाचे पाय उमटतात. तिसऱ्यांदा जायचा धीर झाला नाही. मी पाणी प्यायचं सोडून दिलं. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत एक घोट नाही. तिसऱ्या आठवड्यात ताप, आणि लघवीला जळजळ अशी की रडू यायचं. डॉक्टर म्हणाले, पाणी का पीत नाहीस? मी म्हटलं, तहान लागत नाही.

लालासाहेबांच्या ते लक्षात आलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, माज्या बी लेकी हाईत. हितं बाईमानसाचं काम न्हाई. कंपनी येका पोरीसाठी काय बांधून देनार हाय व्हय? तू घरी बस. म्हयन्यातनं येकदा तोंड दावून जा." असं म्हणून त्यांनी माझी डायरी उघडली आणि उरलेल्या सगळ्या कोऱ्या पानांवर एका बैठकीत सह्या करून दिल्या. मेअखेरपर्यंतच्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. आणि मी? मी नुसतं हो नाही म्हटलं, त्यांचे उपकार मानले.

हे असंच चाललं असतं. तुझ्या प्रश्नालाही काहीतरी थाप मारली असती. पण परवा स्टँडवर साळूबाई भेटली.

साळूबाई आमच्या शॉपमध्ये झाडूला आहे. मेढ्याकडची. रजा काढून गावाला निघाली होती. माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बरी झालीस व्हय गं? मग येत का न्हाईस?" मी काहीबाही सांगू लागले. तिनं मध्येच तोडलं.

"मला नगं सांगू. जाया जागा न्हाई म्हणून पळालीस तू. आगं, मी अकरा वर्सं झाली तितं हाय. मी कुटं जात आसंन, इचारलंस कवा?"

दादा, मी खरंच विचारलं नव्हतं. ती रोज माझ्या लेथखालचा लोखंडाचा कीस झाडून न्यायची. ती आली की मी पाय उचलायचे, एवढाच आमचा संबंध. लालासाहेब "येका पोरीसाठी" म्हणाले, जणू शॉपमध्ये दुसरी बाई नाहीच, आणि मलाही ते पटलं. चौदा एप्रिलला स्टेजवर समतेवर भाषण करून बक्षीस घेणारी मी.

"कुंपनाच्या भिंतीमागं बाभळी हाईत," ती म्हणाली. "आदुगर माज्या संगं येक जणी हुती, ती राखन करायची. ती गेली सोडून. तवापास्नं दिस मावळायची वाट बगती. तू आलीस तवा वाटलं, झाली बया संगत. आन तू चार आठवड्यात पळालीस."

गाडी लागली, ती गेली. मी डबा न खाताच बसून राहिले. मला तिचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

उद्या मी कंपनीत जाणार आहे, एवढं ठरलं आहे. पण वीस तारखेला कॉलेजचे सर तपासणीला येणार आहेत. आजपर्यंतची डायरी पूर्ण आहे, सह्या आहेत. गप्प राहिले तर सत्र मिळतं. बोलले तर सत्र जातं, तू भरलेली फी जाते आणि पाटणचे पाहुणे येतात. लालासाहेबही अडचणीत येतात. काय करीन ते मला आज सांगता येत नाही. तुला खोटं लिहिलं, त्याची मात्र माफी मागते.

तुला तोंड दाखवायला लाजणारी,
क्रांती


सातारा,
रविवार, ३ मार्च १९९६

प्रिय दादा,
जयभीम.

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण लिहिलं नाही तर पुन्हा रस्त्यानं फिरत सुटेन.

बारा तारखेला गेटवर गेले. लालासाहेब मला बघून आधी हसले, त्यांना वाटलं मी महिन्याचं तोंड दाखवायला आले आहे. मी म्हटलं, मला लेथ द्या. म्हणाले, "कशाला इस्तू अंगावर घेतीस?" पण दिला. पहिल्याच दिवशी दोन टूल तोडली. पुस्तकातला लेथ कधी थरथरत नाही, हा थरथरतो. दुपारी साळूबाई नुसती मान हलवून पुढे निघाली, मी मागोमाग गेले. ती आत गेली की मी राखण करायची, मी गेले की तिनं. बाभळीचे काटे वेचून तिनं तेवढीच जागा साफ ठेवली आहे. तिथं उभी असताना मला अपमान वाटला तो वाटलाच, पण त्या दिवशी मी तांब्याभर पाणी प्याले.

वीस तारखेला सर आले. चौघांच्या डायऱ्या टेबलावर मांडल्या. माझी उचलून मुलांना म्हणाले, "डायरी कशी असावी हे क्रांतीकडून शिका. काय अक्षर, काय आकृत्या!" मुलं खाली बघत होती. त्यांना सगळं माहीत होतं. लालासाहेब पलीकडे उभे होते आणि त्यांचं कपाळ घामानं डबडबलं होतं. मी अजून ठरवलेलं नव्हतं, खरंच नव्हतं. पण सर पान उलटायला लागले. आणखी दोन पानं उलटली असती तर मार्चच्या कोऱ्या पानावरची सही त्यांनाच दिसली असती, मग मी काय बोलले असते त्याला किंमत उरली नसती. मी म्हटलं, "सर, पाचव्या आठवड्यापासून दहाव्यापर्यंतचं खोटं आहे. मी इथं नव्हते."

लालासाहेब पुढे झाले. खिशातलं पेन काढलं आणि पाचव्या आठवड्यापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक सही स्वतः खोडली. बावीस सह्या. "चूक माजी हाय सायेब," एवढंच म्हणाले. त्यांना मेमो मिळाला आहे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मी तुजं भलं बगितलं, आन तू माजं वाईट केलंस." ते अजूनही मला काम शिकवतात, चूक झाली की हात धरून दाखवतात, पण पोरी म्हणत नाहीत. ते मला फार लागतं.

सत्र गेलं. सहा आठवडे गैरहजर, नियमात बसत नाही. जूनमध्ये पुन्हा नोंदणी, पुन्हा फी. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, हे सत्रात धरू नका, पण मेअखेरपर्यंत कामाला येऊ द्या. फुकट राबणाऱ्याला कोण नको म्हणेल? येऊ देतात.

बायकांसाठी संडास बांधून द्या असा साळूबाईचा आणि माझा अर्जही त्याच दिवशी त्यांना दिला. अर्ज मी लिहिला, पण पहिलं नाव तिचं घातलं, तिचीच अकरा वर्षं आहेत. मॅनेजरसाहेबांनी तिला एकटीला बोलावून विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? मला भीती वाटली की तिची नोकरी जाते. ती म्हणाली, "ह्यात शिकवायचं काय हाय सायेब? ही अडचन काय शाळंत कळती व्हय?" बांधून देण्याचं अजून नाव नाही. पण आठ दिवसांपासून ऑफिसमधली किल्ली शॉपच्या दारामागं खिळ्याला असते. दुपारी आणि चार वाजता आम्ही दोघी जातो. फरशीवर तेलाचे पाय उमटतात. साळूबाई ते पुसते, मी फडकं घेतलं तर हातातून ओढून घेते. त्यावरून आमचं रोज भांडण होतं.

मागच्या रविवारी गावाला जाऊन बापूंना सगळं तोंडानं सांगितलं. ते अंगणात बसून राहिले. मग म्हणाले, "कपिल काय म्हणतोय बगू. त्यो म्हणंल तसं." म्हणजे माझं पुढचं सगळं आता तुझ्या पत्रावर येऊन थांबलं आहे, आणि तुझं पत्र नाही. रागावला असशील. तुझ्या पगारातली फी होती, आणि पेढे वाटून बसलास. तुला हक्कच आहे. पण तू असा गप्प बसलास की मला रस्त्यावरचे ते सहा आठवडे परवडले असं वाटतं.

तरी एक कळवते. शुक्रवारी सुट्टी घेऊन सांगलीला जाऊन आले. फीच्या खिडकीवर विचारलं. अठरा पूर्ण असतील तर नोंदणीच्या फॉर्मवर पालकांची सही लागत नाही. मला एकोणीस पूर्ण आहेत. आत्याच्या गल्लीतल्या सहा पोरांची गणिताची शिकवणी धरली आहे, जूनपर्यंत फीपुरतं जमेल. पाटणच्या पाहुण्यांना नकाराचं पत्र मीच टाकलं आणि टाकल्यावर सांगलीहून येताना गावात उतरून बापूंना सांगितलं. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे.

तेव्हा तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, जूनच्या यादीत माझं नाव असेल. परवानगी नको, दादा. नुसतं पत्र पाठव.

तुझीच,
क्रांती