सुरीनामची राजकुमारी आणि जनाबाईचा राग

सानगडी,
१९ नोव्हेंबर २००५

ती. सरिताताई,

तुला आणि अश्वजित भाऊजींना तुझ्या धाकटीचा जयभीम. गुडघा कसा आहे? मागच्या वेळी पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे पाहतेस? (पाहतच असशील. मी तुला ओळखते.) इकडे सगळे बरे आहेत. धान कापून बांध्यांत पडलंय, आणि आमचे हे दिवसातून दहादा आभाळाकडे पाहून येतात, जणू यांनी डोळे वटारले की ढग लाजून परत जाणार आहेत. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण आमचा फोन किराणा दुकानात. तिथे आपण बोलतो एकटे आणि साखर तोलणाऱ्यासकट पाच जण ऐकतात. आजची गोष्ट त्या पाचांचीच आहे, म्हणून पत्र.

गोष्ट सुरीनामची. हा नवीन तालुका कधी झाला, असं विचारू नकोस. तालुका नाही, देश आहे, दक्षिण अमेरिकेतला. मलाही महिन्याभरापूर्वी माहीत नव्हता, आणि मधुकररावांना तर पत्र हातात पडलं तरी माहीत नव्हता. मधुकरराव म्हणजे ते निवृत्त मुख्याध्यापक, गावात इंग्रजी कागद आला की ज्यांच्याकडे जातो ते. ग्रामपंचायतीत तिकडून पत्र आलं. अक्षरं इंग्रजी, पण भाषा कुठली ते देवाला ठाऊक (नंतर कळलं, अर्धी डच होती). मधुकररावांना त्यातले तीनच शब्द लागले: सांगरी (म्हणजे आपली सानगडीच, असं त्यांनीच ठरवलं), भंडारा आणि राजकुमारी. येण्याची तारीख तेवढी आकड्यांत होती. झालं! गावात पडका का होईना किल्ला आहे, म्हणजे राजकुमारी असणारच, आणि मधुकररावांचं घराणं किल्ल्याइतकंच जुनं (असं ते सांगतात), म्हणजे राजकुमारी त्यांचीच भाऊबंद. दोन दिवसांत ग्रामपंचायतीपुढे मांडव पडला. कुंताबाईंनी, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, राजकुमारीला नेसवायला जरीची साडी आणली. बँडवाले बोलावले. आणि अंगणवाडीची बाई म्हणून माझ्या वाट्याला काय आलं, तर बावीस लेकरं झेंडूची फुलं घेऊन रांगेत उभी करणं. त्यातल्या सहांनी फुलं खाल्ली.

सगळे मोटारीची वाट पाहत होते. आली साकोलीची एसटी. तिच्यातून साठीची एक सावळी, जाडशी बाई उतरली, पायात पांढरे कापडी बूट, हातात प्लास्टिकची पिशवी, चालणं थेट आपल्या तुमसरच्या आत्यासारखं, डावीकडे झुकून. मधुकररावांनी स्वतः तिला बाजूला घेतलं, "बाई, जरा सरका वो, रस्ता मोकळा ठेवा, राजकुमारी येऊन राहिली." बाई बिचारी सरकली आणि माझ्या लेकरांच्या रांगेत उभी राहिली. एका पोरीने तिलाही फूल दिलं. अर्धा तास, ताई, अर्धा तास ती फूल धरून रस्त्याकडे पाहत होती. शेवटी मीच विचारलं, तुम्ही कोणाकडल्या? ती म्हणाली, "हमार नाम राजकुमारी है. के आवत है?" (कोण येतंय, असं विचारत होती.)

म्हणजे नावच राजकुमारी! राजकुमारी कौडू, निवृत्त नर्स. (कौडू हे तिचं आडनाव. खरं तर तिच्या पणजोबांचं नाव, आपल्याकडचं कवडू. तिकडे जहाजातून उतरताना साहेबाने जे लिहिलं तेच घराण्याला चिकटलं.) बँड वाजला, पण मला वाटतं तो राजकुमारीसाठी कमी आणि मधुकररावांचं तोंड झाकायला जास्त वाजला.

तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळे प्रश्न विचारायला लागले. तिची बोली भोजपुरीच्या वळणाची, आपली झाडीपट्टीची, तरी जमत होतं. मी सवयीने सर्व्हेची वही काढली. घरात माणसं किती? म्हणाली, घरात एक, हॉलंडात सात. तिकडे प्रत्येक घर असंच म्हणे, अर्धं देशात, अर्धं हॉलंडात. (आपलं नागपूर-पुणे तसं त्यांचं हॉलंड.) देशाची लोकसंख्या विचारली तर पाच लाख. मी तिला पुन्हा विचारलं, शहराची नाही, देशाची. पाच लाखच! ताई, आपला भंडारा जिल्हा, तुमचा गोंदिया तोडून दिल्यावरही अकरा लाख उरतो. म्हणजे आम्ही मनात आणलं तर दोन सुरीनाम भरून तुम्हाला थोडे उसने देऊ. आणि त्या पाच लाखांत किती तऱ्हा! आपल्यासारखे हिंदुस्थानी, जावा बेटावरून आणलेले, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची लेकरं, त्यांतले जे जंगलात पळून गेले त्यांची वेगळी गावं, चिनी, आणि मुळात तिथलेच असलेले आदिवासी. सरकारची भाषा डच, बाजाराची तिसरीच, आणि घरोघरी आपापली. तिची सून जावाची (सून हॉलंडात, पण माहेर तिच्या शेजारीच), दुसरी शेजारीण आफ्रिकेच्या वंशाची, आणि तिन्ही घरांत सणाला एकमेकींचं जेवण जातं. आमचे लोक माना डोलावून ऐकत होते. मधुकरराव तर दोनदा "वा" म्हणाले.

मग तिने पिशवीतून कागद काढला. पणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून जहाजावर चढले तेव्हाचा, त्याची नक्कल. मधुकररावांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचू लागले. नाव कवडू. बापाचं नाव झिबल. वय बावीस. जिल्हा भंडारा. गाव सांगरी. जात... आणि थांबले. त्या रकान्यात आपली छप्पनच्या आधीची जात लिहिली होती. मांडवात कोणी वाकडा शब्द बोललं नाही, हे खरं सांगते. पण एकाएकी सगळ्यांना कामं आठवली. कोणाची म्हैस, कोणाचं धान. साखर तोलणारा तर दुकान उघडं राहिलं म्हणून पळाला, आणि त्या दिवशी दुकान बंदच होतं. दहा मिनिटांत मांडवात मी, ती, बावीस लेकरं आणि ट्रँपेट पुसणारा एक बँडवाला.

ती मला म्हणाली, "का लिखा है?" मी सांगितलं. तिला अर्थच माहीत नव्हता! त्यांच्या घरात समज असा, की तो शब्द म्हणजे पणजोबांच्या गावच्या नदीचं नाव. म्हणून तिच्या बापाने घराच्या फाटकावर तेच नाव निळ्या रंगात लिहून ठेवलंय, घराचं नाव म्हणून. ताई, आपल्या बाबांनी जो शब्द अंगावरून उतरवायला अर्धं आयुष्य घालवलं, तो तिकडे फाटकावर, शेजारी जास्वंद. मला हसू येईना आणि रडूही. मी विचारलं, आता पाटी काढाल? ती म्हणाली, "काहे? जहाज में सब कोई एके संगे खाइस." मी तिला घरी घेऊन आले.

संध्याकाळी कुंताबाई आल्या. मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने, दिवे लागायच्या आत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणाल्या, "रत्नमाला, साडी आणली होती ते आणली होती. मी काय दुकानात वापस करू? तिले देतो." आमच्याच घरी चहा प्यायल्या, राजकुमारीला साडी नेसवली, आणि जाताना सांगितलं की मास्तर घरी भिंतीकडे तोंड करून बसलेत, उद्यापर्यंत होतील सरळ. (दुसऱ्या दिवशी आले. जपून आणलेला नवीन तांदूळ ठेवून गेले.)

सकाळी तिला आपल्या मोहल्ल्यातल्या जनाबाईकडे नेलं. जनाबाई नव्वदीची, डोळ्यांनी अधू, ऐकू येतं ते तिच्या सोयीचं तेवढंच. मी ओरडून सांगितलं, झिबलच्या कवडूची पणती आली, लय दुरून. म्हातारीने राजकुमारीचा हात धरला, मनगटापासून बोटांपर्यंत चाचपला, आणि एकदम कडाडली, "एवढा उशीर कायले केला वो? माही आजी वाट पाहू पाहू मेली ना! 'कवडूले मी बाजारात मीठ आणाले धाडलं, थो आलाच नाही,' म्हणे." साठ वर्षांची नर्स, ताई, आयुष्यभर दुसऱ्यांना धीर देणारी, लेकरासारखी रडली आणि "आजी, गलती भइल" म्हणाली. (तिकडेही आजीला आजीच म्हणतात. हे कोणी शिकवायला लागलं नाही.) म्हातारीने मग तिला माफ केलं, पण दिवसभर मीठ मात्र मागत राहिली. शेवटी आमच्या ह्यांनी एक पुडा आणून दिला तेव्हा शांत झाली.

आता कामाचं. तिला घेऊन भंडाऱ्याला एका कचेरीत गेलो होतो. तिथला बाबू म्हणाला, जिल्हा तुटला तेव्हा जुने कागद वाटले गेले, बरेचसे गोंदियाकडे गेले, तिकडे शोधा. म्हणून राजकुमारी गुरुवारी तुझ्याकडे येईल. दोन दिवस ठेवून घे. भात खाते, कोंबडी खाते, तिखट आपल्यापेक्षा जास्त खाते. तिचाही गुडघा दुखतो, तुझं जमेल. तुमच्याकडे खुर्चीचा संडास आहे हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने माझा हात हातात घेतला.

तुझी,
रत्नमाला

ता. क. भाऊजी तिकडच्या कचेरीत कागदपत्रांच्या खोलीत काम करतात म्हणून तू लगेच त्यांना कामाला लावशील. हे पत्र खरं तर तेवढ्यासाठीच आहे: लावू नकोस. भंडाऱ्याचा तो बाबू जाता जाता मला मराठीत असंही म्हणाला, की सांगरी नावाचं एक गाव तुमच्या बाजूलाही आहे. आणि जनाबाईला 'कवडू' हे नाव मीच आधी ओरडून सांगितलं होतं, तिने आपणहून नाही. भाऊजी शोधायला बसले तर शोधून काढतात. त्यांना म्हणावं, या एका वेळेला जरा ढिलाईने शोधा. तिला काही सांगू नका.

ता. क. दुसरा. पत्र चिकटवता चिकटवता राजकुमारी मागे येऊन बसली, म्हणून पुन्हा उघडलं. तुला काय लिहिलं ते विचारत होती. मी म्हटलं, गुडघ्याचं. मग ती हळूच म्हणाली, "गोंदिया में दूसर गाँव मिली, तो आजी से मत बोलिहे."