कॅप्टन वज्रचा उजवा गुडघा

३ जानेवारी, शुक्रवार
कॅप्टन वज्र आला! सात महिने वाट पाहिली. चौतीस सांध्यांची ॲक्शन फिगर, डब्यावर 'आयुष्यभर टिकणार' असं छापलंय. १९ला अलिबागला फिगर जमवणाऱ्यांचा मेळावा. फिगर एका पायावर दहा मिनिटं उभी ठेवायची स्पर्धा. दोन वर्षं हर्षद पहिला येतोय, आता भरले त्याचे दिवस. बाबांना सांगून टाकलं, बक्षीस नाही आणलं तर २०ला, सोमवारपासून तुमच्या होडीवर येतो. तोवर डबा उघडायचा नाही.

४ जानेवारी
डबा उघडला. फक्त तपासणीसाठी. उजवा गुडघा लुळा. विश्वासघात!

८ जानेवारी
कंपनीचं उत्तर: 'समुद्रकिनारी वापर केल्यास सांध्यांची जबाबदारी आमची नाही.' मी रेवदंड्यात राहतो. खेळायला घाटावर जाऊ? बायकोला वाचून दाखवलं. किशोरी म्हणाली, लग्नाच्या वेळी मलाही कुणी सांगितलं नव्हतं. हिचा काय संबंध?

११ जानेवारी
बाबा म्हणाले, माशाचं तेल लाव, होडीला चालतं तं याला का न्हाय? मी हसलो. ते बाहेर गेल्यावर लावलं.

१२ जानेवारी, दुपार
तेल चिकटलं, गुडघा घट्ट! उजव्या पायावर अठरा मिनिटं. आयडिया माझीच म्हणायची, बाबा होडीबद्दल बोलत होते. कॅप्टन खिडकीत वाळत ठेवलाय.

१२ जानेवारी, संध्याकाळ
शेजारच्या येसूबाईंच्या मांजरीने उजवा पाय तोडून नेला. जाब विचारला. येसूबाई म्हणाल्या, मासलीचा वास आला तं ती बिचारी काय करल? बिचारी! माझ्याच घरचे बोंबील खाऊन वाढलेली.

१३ जानेवारी
शांतपणे विचार केला. गद्दार पाय गेला तेच बरं. स्पर्धा एका पायाचीच आहे. डाव्या गुडघ्यालाही तेच तेल लावलं. कॅप्टन आता कायमचा एका पायावर तयार.

१९ जानेवारी, रविवार
परीक्षक म्हणाले, दुसरा पाय वर उचललेला दिसला पाहिजे, नियम आहे. उचलायला पाय कुठाय? बाद. तरी हट्टाने उभा केला. सव्वीस मिनिटं हलला नाही. वासामुळे बघायला कुणी जवळ आलं नाही. पहिला हर्षद. जाताना नाकाला रुमाल लावून त्याने हळूच विचारलं, तेल कुठलं? सांगितलं नाही.

२० जानेवारी, सोमवार
होडी वाळूवर ओढलेली. दिवसभर उकिडवा बसून तिला तेल लावलं. बाबा म्हणाले, हात बरा बसलाय तुझा, कुठं शिकलास? मी होडीच्या दुसऱ्या बाजूला सरकलो. उठताना दोन्ही गुडघे कडकड वाजले. किशोरीला दाखवले तर म्हणाली, कंपनीला लिही.
काय लिहू? त्यांनी आधीच कळवलंय.